तळहाताला कोण वॅक्स करतं?

"पण मी म्हणते, तुला वॅक्स करायला सांगितलं कुणी?" राजश्रीताईंनी विचारलं.

सांगितलं होतं त्यांनीच. डोहाळजेवणाच्या आदल्या आठवड्यात मुद्दाम फोन करून म्हणाल्या होत्या, "केतकी, फुलांचे दागिने घातले की हात दंडापासून दिसतात. व्हिडिओवाला सांगितलाय. तेवढं जरा स्वच्छ करून घे." आता त्याच बाई आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून, माझा हात मांडीवर घेऊन, दुकानात परत करायच्या साडीसारखा उलटापालटा करून बघत होत्या. नणंद म्हणून त्यांना तो अधिकार आहे, असं त्या घरात सगळ्यांना वाटायचं. मला वाटायचं नाही. पण मला आठवा महिना लागला होता आणि हात सोडवून घेण्याइतकाही उत्साह उरला नव्हता.

"तुम्हीच सांगितलंत," मी म्हटलं.

"मी स्वच्छ करून घे म्हटलं होतं. वॅक्स म्हटलं नव्हतं."

"मग स्वच्छ कशानं करायचं होतं? फडक्यानं?"

माझा नवरा सुकुमार खिडकीशी उभा होता. खिडकीतून त्यांच्या यंत्रमागांची शेड दिसायची आणि घरात काही अवघड प्रसंग आला की त्याला नेमकं तिथंच काहीतरी बघायचं असायचं.

माझं दुखणं काय होतं ते सांगते. मला खाज सुटली होती. हे दुखणं मोठं हलकं. डोकं दुखलं तर माणसं बाम आणतात, ताप आला तर कपाळाला हात लावून बघतात, खाज म्हटली की हसतात. मी तळपाय काथ्याच्या पायपुसण्यावर घासायची. तळहातांवर कंगवा ओढायची. दिवसा कसंबसं निभायचं, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. सुकुमारला सांगितलं तर म्हणाला, "पाणी कमी पितीस तू." त्या घरातल्या पुरुषांकडे बायकांच्या सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं, आणि तेही आणून द्यायला कुणी उठायचं नाही.

ही खाज वॅक्सच्या आधीपासून होती. मी ते तीनतीनदा सांगितलं. पण वॅक्स हाती लागल्यावर दुसरं काही ऐकायची कुणाला गरज वाटली नाही.

माझ्या सासूबाईंना सगळे आत्ती म्हणायचे, मीही म्हणायची. मी नाशिकची. इचलकरंजीला लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, आत्ती म्हणजे कुणी प्रेमळ आत्या वगैरे असणार. प्रेमळपणा शोधायला मला पुढे बराच वेळ लागला. बाई उंच, काटक, आणि नटण्यामुरडण्याच्या हाडवैरी. पावडरसुद्धा लावायच्या नाहीत. मला दिवस गेल्यावर तर त्यांनी मनाईहुकूमच काढला. नेलपॉलिश नको, केसांना रंग नको, आणि मेंदी तर अजिबात नको. वॅक्सबद्दल त्यांचं मत असं, की पोटुशीच्या अंगावरचा केस उपटला तर तो पोराच्या अंगावर उगवतो.

"म्हणजे मी डोक्यावरून कंगवा फिरवला तर?" मी विचारलं होतं.

"थट्टा कर. तुमच्यात काय, सगळ्याचीच थट्टा असती," त्या म्हणाल्या आणि निवडायच्या डाळीकडे वळल्या.

मेंदी मी सोडली. डोहाळजेवणाला आलेल्या झाडून सगळ्या बायकांचे हात रंगलेले होते. कोरे हात दोघींचेच, माझे आणि आत्तींचे. पण वॅक्स मी सोडलं नाही, कारण पोट इतकं पुढे आलं होतं की मला माझे पायच दिसायचे नाहीत, आणि स्वतःच्या अंगाचं थोडं तरी आपण ठरवावं असं मला वाटत होतं.

आणि मी काही आंधळेपणानं गेले नव्हते. माझ्या डॉक्टर, कुंभोजकर मॅडम, त्यांना विचारून गेले होते. त्या म्हणाल्या होत्या, "हातपाय करायला हरकत नाही. फक्त या दिवसांत कातडी नाजूक होते, दुखतंही जास्त. आधी मनगटापाशी थोडंसं लावून एक दिवस थांबायचं. वॅक्स कोमटच हवं. कुठे पुरळ असेल, सोललं असेल, शिरा फुगल्या असतील तिथं लावायचं नाही. आणि तासभर उताणं पडून राहू नका, चक्कर येईल. कुशीवर किंवा टेकून बसा." हे सगळं मी पार्लरवाल्या ज्योत्स्नाला पढवलं होतं. ज्योत्स्ना ही स्वतःला त्या गल्लीतली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती समजायची. तिच्या भिंतीवर कुठल्याकुठल्या कोर्सची प्रमाणपत्रं देवादिकांच्या फोटोंसारखी टांगलेली होती, त्यांतल्या एकाला तर हारही होता. पण तिनं सांगितल्याप्रमाणे केलं. मनगटावर काही उठलं नाही. मग हात झाले, गुडघ्यापर्यंत पाय झाले, आणि मी खुशीत घरी आले.

तर आता हॉलमध्ये माझा हात राजश्रीताईंच्या मांडीवर होता आणि टीपॉयवर फोन स्पीकरवर टाकलेला होता. फोनमध्ये जावईबापू, म्हणजे राजश्रीताईंचे यजमान, होते. जावईबापू डॉक्टर. डोळ्यांचे. पण त्या घरात डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या अवयवांवर त्यांचीच सत्ता होती. सासऱ्यांचा गुडघा त्यांनी फोनवर बरा केला होता, म्हणजे तो अजून दुखत होता पण आता त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

"केमिकल अ‍ॅलर्जी," फोन म्हणाला. "टिपिकल केस."

"हातावर एक पुळी नाही," मी म्हटलं. "पायावर नाही. लालसुद्धा झालेलं नाही. खाजतंय ते तळहात आणि तळपाय."

"रॅश काही वेळा दिसत नाही वहिनी. एक मलम सांगतो, ते लावा. खाजेची गोळी घ्या."

"मला कुंभोजकर मॅडमना दाखवायचंय."

"त्यांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे ना? मग तेव्हा दाखवा. हे स्किनचं आहे, त्यात त्या काय करणार?"

सुकुमारनं खिडकीतून मान वळवून फोनकडे बघितलं. माझ्याकडे नाही, फोनकडे. "भावजी म्हणतात ते बरोबर वाटतंय," तो म्हणाला.

मला त्या क्षणी त्याची इतकी चीड आली की ती अजून पुरी गेलेली नाही.

आत्ती इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, राजश्रीताईंच्या हातातून माझा हात काढून घेतला आणि तळवा वर करून बघितला. खाजवून खाजवून त्याच्यावर ओरखडे उठले होते.

"मेंदी लावलीवतीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्यासमोरच तर होते मी."

"खरं सांग. गुपचूप, धुऊनबिऊन टाकली असशील."

"मेंदी धुऊन जाते का आत्ती?"

त्यांनी तळवा नाकाशी नेऊन चक्क हुंगला. मग दुसरा हुंगला. त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. मग त्या एकदम वळून म्हणाल्या, "तर मग त्या पार्लरवालीचंच काम. बोलवा तिला."

ज्योत्स्ना आली ती भांडायच्या तयारीनंच आली. खांद्यावर पर्स, डोळ्यांवर गॉगल, आणि हातात तिच्या वॅक्सचा डबा, पुरावा म्हणून.

"हा बघा. साखर, लिंबू, पाणी. माझ्या मुलीला याच्यातलंच लावते मी. आजपर्यंत माझ्याकडे एक तक्रार नाही," ती म्हणाली.

"तक्रार करायला जिवंत राहिली न्हाईत वाटतं कोण," आत्ती म्हणाल्या.

"तोंड सांभाळून बोला हं आजी."

"आजी कुणाला म्हणतीस? पोटुशी बाई हाय, सासूला एका शब्दानं विचारायचं सुदीक सुचलं न्हाई तुला?"

"वॅक्स सुनेला करायचं होतं. सासूला कशाला विचारू?"

पुढे बराच वेळ दोघी एकमेकींचं कूळ आणि मूळ काढत राहिल्या. राजश्रीताई मधूनमधून 'मी वॅक्स म्हटलंच नव्हतं' हे सांगत होत्या. फोनमधून जावईबापू मलमाचं नाव सांगत होते, ते कुणी ऐकत नव्हतं. मी मधोमध बसून एका पायानं दुसऱ्या पायाचा तळवा खाजवत होते, आणि त्या सबंध गोंधळात मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण मी माझे हात बघितले. ज्योत्स्नानं जिथं जिथं वॅक्स लावलं होतं तिथं मला काहीही होत नव्हतं. जिथं लावलंच नव्हतं तिथं आग पेटली होती. मग आत काय चाललंय? आणि आत मी एकटी नव्हते. सकाळपासून बाळ नेहमीसारखं हललं का, हेसुद्धा मला नीट आठवेना.

विनवून त्या घरात काही होत नव्हतं, हे मला एव्हाना कळलं होतं. भांडणातून मात्र सगळं व्हायचं. म्हणून मी भांडणात लाकूड टाकलं.

"आत्ती, ज्योत्स्नाला उगाच बोलू नका. वॅक्सला परवानगी कुंभोजकर मॅडमनीच दिली होती."

आत्ती थांबल्या. "डॉक्टरणीनं?"

"हो. त्यांनीच सांगितलं, खुशाल करा."

"खुशाल? बघूयाच तर कशी डॉक्टरीण हाय ती. ऊठ. सुकुमार, गाडी काढ. आणि तू गं, तो डबा घे आणि चल. तुझ्या तोंडावर विचारूया तिला."

"चला ना. मला काय भीती आहे?" ज्योत्स्ना म्हणाली.

मी आधीच चपला घालून उभी होते. आजाराला त्या घरात गाडी मिळत नव्हती, पण फिर्यादीला लगेच मिळाली.

दवाखान्यात मॅडमच्या खोलीत तीन बायका एकदम शिरल्या. सुकुमार बाहेर बाकावर बसला, तिथं भिंतीवर पंखा होता. आत्तींनी खुर्चीवर बसायच्या आधीच आरोप सुरू केला, ज्योत्स्नानं टेबलावर डबा आपटला. मॅडमनी दोघींना हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कुठं खाजतं?"

"तळहात आणि तळपाय. आता थोडं पोटावरही."

"रात्री वाढतं?"

"झोपच नाही."

"लघवी गडद होते?"

मी जरा विचार केला. "होते. मला वाटलं, पाणी कमी पितेय."

मॅडमनी माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. हात उलटेसुलटे केले. मग मला कॉटवर कुशीवर निजवून बाळाचे ठोके ऐकवले. ते धावत होते. 

"वॅक्सचा काही संबंध नाही," त्या आत्तींना म्हणाल्या. "तळहाताला कोण वॅक्स करतं?"

"तेच मी म्हणतेय घसा फोडून," ज्योत्स्ना म्हणाली. ती असलं काहीच म्हणाली नव्हती.

"मला हे यकृताचं वाटतंय," मॅडम सांगू लागल्या. "काही बायकांना शेवटच्या महिन्यांत होतं. पित्त वाहून जायचं ते रक्तात साठतं आणि मग अशी खाज सुटते, तळहाता-तळपायांना जास्त. अंगावर काही दिसत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. रक्त आत्ताच तपासायला पाठवते. तेच निघालं तर औषध देऊ, बाळावर लक्ष ठेवू आणि दिवस पुरे भरायची वाट न बघता थोडं आधी बाळंत करू. बरं झालं आज आलात."

"आणि न्हाई आलो असतो तर?" आत्तींनी विचारलं. आवाजात अजून भांडणाची धार होती.

"बहुतेकदा निभावतं. पण पित्त फार वाढलं तर बाळाला धोका असतो. कधीकधी काही कळायच्या आत बाळ पोटातच जातं."

  आत्ती खुर्चीवर बसल्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मेंदीनं न्हाई होत व्हय हे?" त्यांनी विचारलं.

"मेंदीनं?" मॅडमना कळेना. "यांनी मेंदी लावलीये का?"

"हिनं न्हाई. हिला लावू दिली न्हाई. तरी हिचे हात खाजाय लागले, तेच कळंना झालंय मला सकाळधरनं." त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "मी लावलीवती. माझ्या डोहाळ्याला. सुकुमारच्या आधीच्या वेळी. परसात झाड होतं, त्याचाच पाला. हौस होती मला फार. आधीपासनं हात जरा शिवशिवत होते, मेंदीनंतर मग खाजाय लागले ते थांबंनात. भिंतीला घासायची मी. सासूबाई म्हणाल्या, नटायचा सोस नडला. मेंदीचा गारठा आत गेला म्हणाल्या. आठव्यात पोर गेलं. मुलगा होता. न्हाऊ घातल्यासारखा स्वच्छ, पण रडला न्हाई."

 ज्योत्स्नानं गॉगल काढून पर्समध्ये ठेवला.

"इतक्या वर्षांनी मी तुम्हाला नक्की कसं सांगू, आजी," मॅडम म्हणाल्या. "कदाचित हेच असेल, कदाचित दुसरं काही. पण मेंदीच्या पाल्यानं बाळ जात नाही. हे मात्र नक्की सांगते."

"न्हाई जात?"

"नाही जात."

"मग मला तसं का सांगितलं त्यांनी?"

 याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते दवाखान्यात बोलण्याजोगं नव्हतं. आत्तींच्या त्या सासूबाई मी फक्त फोटोत बघितल्या होत्या. देव्हाऱ्याशेजारी, चंदनाच्या हारात, कपाळाला आडवं गंध लावून बसलेल्या. घरातला प्रत्येकजण येताजाता त्यांना हात जोडायचा. त्या दिवसापासून मी जोडले नाहीत. लेकरू गमावलेल्या पोरीला तुझ्याच हातांनी ते मारलंस असं सांगून ही बाई खुशाल फोटोत जाऊन बसली होती, आणि सून जन्मभर कोरे हात घेऊन तिच्या हाराला फुलं आणत होती.

बाहेर आल्यावर सुकुमार उठला. "काय म्हणाल्या? अ‍ॅलर्जीच ना?"

"गप गाडी चालव," आत्ती म्हणाल्या. मग ज्योत्स्नाकडे वळून तितक्याच रागानं म्हणाल्या, "तुझ्या पार्लरचा जिना किती उभा हाय गं. पोटुशी बाई चढायची कशी? दांडा तरी बसव धरायला." एवढी माफी तिला पुरली असावी, कारण तिनं पुढच्याच महिन्यात दांडा बसवला.

तपासणीत तेच निघालं. संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला, "मला वाटलंच होतं लिव्हरचं." डोळ्यांच्या डॉक्टरांना होऊन गेलेलं फार स्पष्ट दिसतं. आजही कुठल्या लग्नात भेटले की ते हा किस्सा सांगतात, आणि त्यात निदान त्यांनीच केलेलं असतं.

औषधं, रक्त, ठोके असं करत माझी मुलगी ठरवलेल्या दिवशी, वेळेच्या जरा आधी झाली. लहानशी, लाल, आणि खांद्यांवर, कानांवर मऊ लव. राजश्रीताई दुपट्यात डोकावून म्हणाल्या, "बघा, आई म्हणत होती तसंच झालं. वॅक्सचे सगळे केस हिच्या अंगावर आले."

"गप बस," आत्ती म्हणाल्या. "लवकर झालेल्या पोरांना असतीच लव. जाती थोड्या दिवसांत. माहिती नसलं तर बोलू नये माणसानं."

त्या हे इतक्या अधिकारानं म्हणाल्या की मीसुद्धा क्षणभर विसरले, ते केसांचं शास्त्र मुळात कुणाचं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी ज्योत्स्ना घरी मेंदी काढायला आली. माझी झाली, राजश्रीताईंनी कोपरापर्यंत मोर, कमळं आणि पालख्या काढून घेतल्या. ज्योत्स्ना आवरायला लागली तशा आत्ती स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, पाट ओढून तिच्यासमोर बसल्या आणि दोन्ही तळवे पुढे केले. कुणाकडे बघितलं नाही.

"मोरबिर नको. मधी एक टिकली काढ आणि बोटांची टोकं भर. आमच्या वेळी तसंच असायचं."

ज्योत्स्नानं एरवी तोंड चालवलं असतं.  आज तिनं कोन घेतला आणि टिकली काढायला लागली. 

"इतकं बारीक काय काढतीस? कुणाला दिसणार हाय?" आत्ती म्हणाल्या.

"हात हलवू नका आजी."

तेवढ्यात पाळण्यात माझी मुलगी उठली. भूक लागली की ती सगळी गल्ली गोळा करायची. माझे हात ओले, राजश्रीताईंचे ओले, आत्तींचे ओले. सुकुमार दारात येऊन तिच्याकडे आणि आमच्याकडे बघत उभा राहिला, आता हिला उचलायचं कुणी या विचारात. मी उठायला गेले.

"बस खाली, मेंदी फिसकटंल," आत्ती म्हणाल्या. तळवे तसेच पुढे धरून त्या पाळण्याकडे बघत होत्या. "रडू दे जरा. रडतीय ते ऐकू दे मला."